वॉरगेमच्या काउंटरांसाठी ट्रे निवडणे: आधी वर्गवारी, मग मोजमाप, शेवटी खरेदी

वॉरगेम म्हणजे लढाया आणि मोहिमा नकाशावर खेळण्याचा टेबलावरचा खेळ, आणि काउंटर म्हणजे त्यातील सैन्याच्या तुकड्या व खुणा दाखवणारे पुठ्ठ्याचे छोटे छापील चौकोन, जे अखंड शीटमधून सुटे करावे लागतात. वॉरगेमचा नवा बॉक्स हाती आला की बहुतेक खेळाडू आधी ट्रे मागवतात, मग काउंटर सुटे करतात आणि कोणता काउंटर कोणत्या कप्प्यात जाईल याचा विचार सर्वांत शेवटी करतात. हा क्रम नेमका उलटा आहे. त्यामुळे कधी कप्पे अपुरे पडतात, तर कधी ट्रे आत ठेवल्यावर बॉक्सचे झाकण बसत नाही. या दोन्ही गोष्टी जमल्या तरी प्रत्येक डावाच्या मांडणीला नको इतका वेळ लागतो, कारण काउंटर लावलेले असतात देशांप्रमाणे आणि नियमपुस्तिका त्यांना मागत असते टर्नप्रमाणे, म्हणजे खेळातील फेऱ्यांप्रमाणे. पुढील पायऱ्या याच क्रमाने कराव्यात. हा लेख पुठ्ठ्याच्या चौकोनी काउंटरांपुरता आहे. लाकडी सोंगट्या आणि प्लॅस्टिकची मिनिएचर यांचे गणित वेगळे असते.

## तयारी

पुढील साहित्य आधीच जवळ घ्यावे: मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी (व्हर्नियर कॅलिपर असेल तर अधिक चांगले), नवे पाते घातलेला कटर, कटिंग मॅट, मऊ ब्रश, दहा-पंधरा लहान वाट्या आणि कोरा कागद. कोपरे गोल करायचे असतील तर त्यासाठी मिळणारा कोपरा-कटर लागेल. ट्रे अजून घेतलेला नसावा. आधीच घेतला असेल तर तो सध्या बाजूला ठेवावा. पायरी ५ पर्यंत त्याचे काम नाही.

## पायरी १: शीट अखंड असतानाच नोंद करा

प्रत्येक काउंटरशीटचा पुढून आणि मागून स्पष्ट फोटो काढावा. फोटो सरळ वरून घ्यावा, म्हणजे आकडे वाचता येतील. पुढे एखादा काउंटर हरवला, तर बदली काउंटर तयार करण्यासाठी या फोटोंइतका खात्रीचा आधार दुसरा नसतो.

त्यानंतर नियमपुस्तिकेतील किंवा शीटवरील यादीशी संख्या ताडून पाहावी. अर्ध्या इंचाच्या काउंटरांच्या आजच्या शीटवर अनेकदा २८० नग असतात, पण प्रत्येक प्रकाशकाची आणि प्रत्येक खेळाची आखणी वेगळी असल्यामुळे हा आकडा गृहीत धरू नये. प्रकाशकाने शुद्धिपत्र काढले असेल तर ते याच वेळी वाचावे, कारण चुकीचे छापलेले काउंटर शीटमध्ये चटकन ओळखू येतात आणि सुटे झाल्यावर शोधावे लागतात.

तपासणी: छपाई सरकलेली असेल किंवा एखादे शीट कमी असेल, तर प्रकाशकाला आत्ताच कळवा. काउंटर सुटे केल्यानंतर कमतरता सिद्ध करणे अवघड जाते.

## पायरी २: खेळ काउंटर कसे मागतो ते शोधा

ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि नेमकी हीच वगळली जाते. मांडणीचा तक्ता, कुमक येण्याचे नियम आणि एका टर्नमधील कामांचा क्रम, एवढी तीन पाने समोर ठेवून प्रत्येक काउंटरबाबत एकच प्रश्न विचारावा: हा काउंटर माझ्या हातात कधी येणार आहे? उत्तरावरून काउंटरांचे चार गट पडतात. पहिल्या गटात सुरुवातीलाच नकाशावर जाणारे काउंटर येतात. दुसऱ्यात कुमक म्हणून नंतर येणारे, तिसऱ्यात खेळभर सतत ठेवले आणि उचलले जाणारे मार्कर (ताबा, खंदक अशा खुणा दाखवणारे काउंटर), आणि चौथ्यात पर्यायी नियमांसाठीचे व क्वचितच लागणारे काउंटर येतात.

जीएमटी गेम्सने १९९९ मध्ये प्रकाशित केलेला, पहिल्या महायुद्धावरील ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ हे याचे चांगले उदाहरण आहे. यात आर्मी (मोठे सैन्यदल) आणि कोअर (त्याहून लहान दल) असे दोन प्रकार असून आर्मीचे काउंटर मोठे आणि कोअरचे लहान आहेत. आर्मी नष्ट झाली की तिच्या जागी त्याच देशाचा कोअर राखीव चौकटीतून येतो, म्हणजे कोअर हे केवळ सुरुवातीच्या मांडणीचे काउंटर नसून डावभर हाताळले जाणारे काउंटर आहेत. कुमक येते ती ठराविक टर्नला नव्हे, तर खेळाडूने हातातील पत्त्यांपैकी तिचा पत्ता खेळल्यावर. त्यामुळे ‘टर्न ३, टर्न ४’ अशी लेबले या खेळात निरुपयोगी ठरतात आणि कुमकेच्या आर्मी देशवार ठेवणेच योग्य ठरते. खंदकांचे मार्कर आणि प्रदेशावरील ताबा दाखवणारे मार्कर मात्र इतक्या वेळा लागतात की त्यांना ट्रेच्या कडेचे, सहज हात पोहोचेल असे मोठे कप्पे द्यावे लागतात.

याउलट ‘अ‍ॅडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर’ (१९८५) या दुसऱ्या महायुद्धावरील खेळात ठराविक मांडणी अशी नसतेच. प्रत्येक सिनारिओ (खेळायला ठरवून दिलेला एक प्रसंग) वेगळे सैन्य मागतो: अमुक प्रकारची इतकी पथके, इतके नायक, इतक्या मशीनगन. इथे काउंटर मांडणीप्रमाणे लावण्यात अर्थ नाही. देश, त्यात प्रकार आणि त्यात बळ अशी उतरती वर्गवारी लागते, कारण तुम्ही दरवेळी संग्रहातून निवड करत असता. अशा खेळाला मोजके मोठे कप्पे पुरत नाहीत, पुष्कळ लहान कप्पे लागतात आणि संग्रह पुढे वाढणार हे धरून चालावे लागते.

तेव्हा आपला खेळ ठराविक मांडणीचा आहे की निवडीचा, हे आधी ठरवावे. ज्या खेळात एकच मुख्य डाव आणि दोन-तीन छोटे सिनारिओ असतात, तिथे मुख्य डावाप्रमाणे वर्गवारी करावी. छोट्या सिनारिओंसाठी काउंटर वेगळे काढावे लागले तरी चालते.

आता कागदावर गटांची यादी करा. प्रत्येक ओळीत गटाचे नाव, काउंटरांचे माप आणि नगांची संख्या लिहा. जेवढ्या ओळी होतील तेवढे कप्पे हवेत आणि त्यावर चार-पाच कप्पे मोकळे हवेत. मोकळे कप्पे ही चैन नव्हे. खेळताना बाद झालेले काउंटर, नंतर प्रकाशित होणारे दुरुस्त काउंटर आणि जास्तीचे कोरे काउंटर यांना जागा लागतेच.

नेहमीची चूक: रंग पाहून गट करणे. करड्या रंगाचे सगळे काउंटर एका कप्प्यात टाकले की ट्रे सुबक दिसतो, पण त्यातील निम्मे पहिल्या टर्नला आणि निम्मे दहाव्या टर्नला लागणारे असतील तर तो गट उपयोगाचा नाही.

## पायरी ३: काउंटर सुटे करा आणि कोपरे नीट करा

शीटमधून काउंटर पिळून किंवा ओढून काढू नयेत. कोपऱ्यांवरील जोड कटरने आधी कापावेत आणि मग काउंटर बाहेर ढकलावेत. ओढून काढलेल्या काउंटरच्या कोपऱ्यावर कागदाचा पापुद्रा सुटतो, तो कप्प्यात अडकतो, आणि पुढे पुठ्ठ्याचे थर उलगडण्याची सुरुवात तिथूनच होते.

कोपरे गोल करायचे की नाही, ही आवडीची बाब आहे. करायचे असल्यास ते ट्रेत भरण्यापूर्वीच करावे लागते. माझा कौल गोल करण्याच्या बाजूने आहे. जोडाचे खडबडीत टोक निघून गेल्यामुळे काउंटर एकमेकांत अडकत नाहीत, ढिगातून एकच उचलता येतो आणि कप्प्यात कागदाचा भुगा साचत नाही. साधारण २ ते २.५ मिमी त्रिज्या बहुतेक काउंटरांना पुरते. अर्ध्या इंचाच्या काउंटरवर आकडे अगदी कोपऱ्यात छापलेले असतील, तर आधी एखाद्या कोऱ्या काउंटरवर चाचणी घ्यावी.

एका वेळी एकच पट्टी सुटी करावी, कोपरे कापावेत, ब्रशने भुगा झटकावा आणि पायरी २ मधील यादीनुसार काउंटर थेट वाट्यांमध्ये ठेवावेत. सगळी शीटे एकदम सुटी करून मोठा ढीग केला, तर शीटवर आयती असलेली वर्गवारी मोडते आणि तेच काम पुन्हा करावे लागते.

तपासणी: प्रत्येक वाटीतील नग यादीशी जुळतात का ते पाहा. रिकाम्या चौकटी लगेच टाकून देऊ नका. त्यांत एखादा काउंटर अडकून राहिलेला असतो.

## पायरी ४: काउंटर मोजा आणि कप्प्याचे माप काढा

वॉरगेममध्ये तीन मापे वारंवार आढळतात: अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, पाच-अष्टमांश इंच म्हणजे सुमारे १५.९ मिमी आणि पाऊण इंच म्हणजे सुमारे १९ मिमी. जाडी मात्र बदलती असते. जुन्या खेळांचे काउंटर बरेचदा पातळ असतात, तर अलीकडच्या अनेक खेळांत ती १.५ ते २ मिमी असते. दहा काउंटर एकावर एक ठेवून थराची उंची मोजावी आणि दहाने भागावे. एकेकट्या काउंटरच्या मोजमापात चूक होते.

आता एक हिशेब करू. १२.७ मिमीच्या, १.५ मिमी जाड काउंटरचे आकारमान सुमारे ०.२४ घन सेंटीमीटर भरते. ढीग करून टाकलेल्या काउंटरांमध्ये निम्मी जागा मोकळी राहते असे धरावे. ४० मिमी लांब, ४० मिमी रुंद आणि २० मिमी खोल कप्प्याचे आकारमान ३२ घन सेंटीमीटर आहे. त्यातील निम्मे, म्हणजे १६ घन सेंटीमीटर काउंटरांसाठी मिळाले, तर काठोकाठ ६५ च्या आसपास काउंटर बसतील. पण कप्पा काठोकाठ भरला की बोट आत जात नाही. म्हणून वरचा एक-तृतीयांश भाग मोकळा सोडून सुमारे ४५ ही खरी क्षमता समजावी. त्याच कप्प्यात १५.९ मिमीचे तेवढेच जाड काउंटर या हिशेबाने २८ बसतात, आणि त्यांची जाडी २ मिमी असेल तर २० च्या थोडे वर. अर्ध्या इंचाच्या खेळासाठी आवडलेला ट्रे मोठ्या काउंटरांच्या खेळाला का पुरत नाही, ते या आकड्यांवरून लक्षात येईल.

खोलीइतकीच रुंदीही महत्त्वाची आहे. कप्पा ३० मिमीपेक्षा अरुंद असेल तर दोन बोटे आत जाऊन काउंटर पकडू शकत नाहीत आणि दरवेळी ट्रे उपडा करावा लागतो. याला अपवाद म्हणजे काउंटर कडेवर उभे रांगेत ठेवण्याची पद्धत. तिच्यात कप्प्याची रुंदी मुद्दाम काउंटरपेक्षा केवळ दीड-दोन मिलिमीटर जास्त ठेवतात. एकाच प्रकारच्या मार्करांसाठी ही पद्धत उत्तम आहे. वेगवेगळ्या पलटणींसाठी ती गैरसोयीची ठरते, कारण काउंटरचा चेहरा दिसत नाही.

## पायरी ५: बॉक्सची आतली उंची मोजा

अनेक वॉरगेमांचे बॉक्स साधारण ९ × १२ इंचांचे आणि सुमारे २ किंवा ३ इंच उंच असतात. बाहेरचे माप इथे उपयोगाचे नाही. खालच्या भागाची आतली लांबी, रुंदी आणि उंची मोजावी. मग नकाशा, नियमपुस्तिका, पत्ते, तक्ते आणि फासे बॉक्समध्ये जसे राहणार तसे रचून त्यांची उंची मोजावी. उदाहरणार्थ, आतली उंची ४८ मिमी आणि बाकीच्या सामानाचा थर २२ मिमी असेल, तर २६ मिमी उरतात. त्यातील ३ मिमी ढिलाईसाठी सोडले की ट्रेला झाकणासह २३ मिमी मिळतात. अशा बॉक्समध्ये २५ मिमी उंचीचा ट्रे बसणार नाही, मग तो कितीही सोयीचा असो. पुठ्ठ्यावर चिकटवलेला घडीचा नकाशा कागदी नकाशापेक्षा पुष्कळ जाड असतो आणि उरलेली सगळी जागा तोच घेतो.

उंची पुरत नसेल तर काउंटरांसाठी स्वतंत्र डबा करावा. झाकण अर्धवट उचललेल्या बॉक्सवर दुसरे बॉक्स रचले की त्याचे कोपरे फाटतात, आणि नवा बॉक्स सहसा वेगळा मिळत नाही.

## पायरी ६: ट्रेचा प्रकार ठरवा

वॉरगेमसाठीच बनवलेले उथळ ट्रे. जीएमटी गेम्सचा २० कप्प्यांचा झाकण असलेला पारदर्शक ट्रे या प्रकारातील आहे. असे ट्रे पातळ आणि हलके असतात, आणि गोलसर तळाच्या कप्प्यातून काउंटर बोटाने वर सरकवता येतो. कप्पे ठरलेले असतात, बदलता येत नाहीत. भारतात ते परदेशातून मागवावे लागले तर टपालखर्च आणि सीमाशुल्क यांमुळे किंमत बरीच वाढते. त्यामुळे मागवायचेच असतील तर अनेक खेळांची गरज एकत्र करून मागवावेत.

हलत्या दुभाजकांचे डबे. मणी, कानातली, स्क्रू किंवा इलेक्ट्रॉनिक सुटे भाग ठेवण्यासाठी हे डबे विकले जातात. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरातील हस्तकलेच्या सामानाच्या दुकानांत आणि लॅमिंग्टन रोडवर, तर पुण्यात तपकीर गल्लीत ते हाताळून घेता येतात. ही मोठी सोय आहे, कारण पुढच्या पायरीतील तपासण्या छायाचित्र पाहून होत नाहीत. मिश्र मापांच्या काउंटरांसाठी हा प्रकार उत्तम, पण दुभाजकांच्या फटींकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते.

मासेमारीच्या साहित्याचे डबे. हे मजबूत असतात आणि यांची झाकणे घट्ट बसतात. ‘अ‍ॅडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर’सारख्या, बॉक्सबाहेरच राहणार असलेल्या मोठ्या संग्रहासाठी हाच प्रकार योग्य. वॉरगेमच्या बॉक्समध्ये मात्र ते सहसा मावत नाहीत.

झिपच्या पिशव्या. गट मोजके असतील आणि खेळ वर्षातून एखाद्या वेळी निघत असेल, तर पिशव्या पुरतात. कुमकेचे आणि क्वचित लागणारे काउंटर पिशव्यांत आणि बाकीचे ट्रेत, अशी विभागणीही चांगली चालते.

## पायरी ७: पैसे देण्यापूर्वी तपासा

दुकानात जाताना दहा-बारा कोरे किंवा जास्तीचे काउंटर आणि पट्टी सोबत न्यावी.

पहिली तपासणी झाकणाची. झाकण बंद असताना त्याच्या आणि दुभाजकांच्या वरच्या कडांमधली फट काउंटरच्या जाडीपेक्षा कमी हवी. एका कप्प्यात काउंटर टाकून झाकण लावावे, डबा उभा धरावा, मग उलटा करून हळूच हलवावा. एकही काउंटर शेजारच्या कप्प्यात गेला तर तो डबा नाकारावा, किंवा झाकणाच्या आतून फोमचा पातळ तुकडा बसवण्याइतकी जागा आहे का ते पाहावे. बॉक्स फळीवर पुस्तकासारखे उभे ठेवणाऱ्यांनी तर ही तपासणी कधीच टाळू नये.

दुसरी तपासणी दुभाजकांची. हलते दुभाजक तळाला पूर्ण टेकत नसतील, तर १.५ मिमी जाडीचा काउंटर खालून सरकतो. प्रत्येक दुभाजकाखाली काउंटर आडवा सरकवून पाहावा.

तिसरी तपासणी प्लॅस्टिकची. तळाशी त्रिकोणात छापलेला अंक पाहावा. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ते लवचीक असते आणि त्याची बिजागरी हजारो वेळा उघडझाप सोसते. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. ते काचेसारखे स्वच्छ दिसते, पण ठिसूळ असते आणि त्याची बिजागरी लवकर तुटते. झाकण पूर्ण वेगळे होत असेल तर ६ चालेल. ३ म्हणजे पीव्हीसी. त्यातला मऊ, वास येणारा प्रकार टाळावा, कारण त्यातील मऊपणा आणणारी द्रव्ये काळाच्या ओघात बाहेर येऊन छपाईला चिकटू शकतात.

इशारा: एक नग घेऊन घरी प्रत्यक्ष भरून पाहा, बॉक्समध्ये बसवा आणि मगच बाकीचे घ्या. पसंत पडल्यावर गरजेपेक्षा एक-दोन नग जास्त घ्या, कारण अशा डब्यांचे साचे बदलत राहतात आणि नंतर त्याच मापाचा डबा मिळेलच असे नाही.

## पायरी ८: भरा आणि लेबल लावा

सतत लागणारे मार्कर ट्रेच्या बाहेरच्या कडेला आणि सुरुवातीच्या मांडणीचे काउंटर मधल्या कप्प्यांत ठेवावेत. दोन ट्रे असतील आणि दोनच खेळाडू असतील, तर प्रत्येक पक्षाला एक ट्रे द्यावा आणि सामाईक मार्कर वाटून टाकावेत. मांडणी दोघांनी एकाच वेळी केली की वेळ जवळपास निम्मा होतो.

लेबल झाकणावर लावू नये. झाकणे अदलाबदल होतात किंवा उलटी बसतात आणि मग लेबले खोटी ठरतात. ट्रेच्या कप्प्यांची आखणी कागदावर काढून प्रत्येक चौकटीत गटाचे नाव आणि नगांची संख्या लिहावी व तो कागद ट्रेच्या खाली ठेवावा. पारदर्शक ट्रे असेल तर रिकाम्या कप्प्यातून मजकूर थेट वाचता येतो, आणि खेळ संपल्यावर तोच कागद आवरण्याची यादी म्हणून वापरता येतो.

तपासणी: एक पूर्ण मांडणी करून पाहा. एकाच टप्प्यासाठी तीनपेक्षा जास्त कप्प्यांत हात घालावा लागत असेल, तर पायरी २ मधील गट पुन्हा जुळवा.

## पायरी ९: दमटपणा आणि कसर

कोकण, मुंबई आणि गोव्यात पावसाळ्यात पुठ्ठा ओलावा ओढून घेतो. काउंटर फुगतात आणि त्यांचे थर सुटू लागतात. कोरड्या दिवशी काउंटर भरून झाकण लावावे आणि बॉक्समध्ये सिलिका जेलची पुडी ठेवावी. रंग बदलणारे जेल घेताना नारिंगी घ्यावे, कारण निळ्या जेलमधील कोबाल्ट क्लोराइड विषारी असते आणि घरात लहान मुले असतील तर ते नकोच. पुडी कप्प्यात न ठेवता ट्रेच्या बाहेर ठेवावी, म्हणजे ती फुटली तरी कण काउंटरांत मिसळणार नाहीत.

कसर लागू नये म्हणून कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पॉलिस्टायरीनचे ट्रे असलेल्या कपाटात त्या ठेवू नयेत. गोळ्यांतील नॅप्थलीनच्या वाफेने हे प्लॅस्टिक मऊ पडून चिकट होते आणि काउंटर त्याला चिकटतात. कपाट कोरडे ठेवणे आणि भिंतीपासून दोन बोटे अंतर सोडणे हा अधिक सुरक्षित उपाय आहे.

पावसाळा संपल्यावर प्रत्येक बॉक्स एकदा उघडावा, ट्रे बाहेर काढून पंख्याखाली ठेवावेत आणि फुगलेले काउंटर जाड पुस्तकाखाली दाबून मगच परत भरावेत. उन्हात मात्र ठेवू नयेत, कारण त्याने रंग उडतो आणि पुठ्ठा वाकतो.